ओझ्याचा फोटो

२ नोव्हेंबर, सोमवार
संस्कृती भवनाच्या फळ्यावर यंदाच्या फोटो स्पर्धेची नोटीस लागली. विषय: रोजच्या जगण्यातलं ओझं. वाचलं आणि अंगात वीज शिरली. फर्निचरसाठी अख्ख्या इजिप्तमध्ये नावाजलेल्या आमच्या दुमियातमध्ये ओझ्याला काय तोटा! ज्या गावात टुकटुक रिक्षावर सोफा आणि सोफ्यावर सुतार बसून जातो, तिथे पहिला नंबर माझाच.

पण नंबर गौण. खरं काम बहगतची जिरवणं. हा माझ्या बायकोचा, निअमतचा, मावसभाऊ. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, आम्ही चौथ्यावर. गेल्या वर्षी पहिला आला तो माझ्या जिवावर. मी ऑफिसात टेबलावर डोकं टेकून क्षणभर विचार करत होतो, तेवढ्यात याने फोटो काढला. तोंड जरा उघडं होतं. फोटोला नाव काय दिलं, तर ‘कामाची वेळ’. महिनाभर हॉलमध्ये लटकत होतो मी. रसवाला अजून हाक मारतो, या या कामाची वेळ, पेरूचा देऊ की उसाचा?

याचं उट्टं काढलं नाही तर नावाचा शुक्री नाही.

३ नोव्हेंबर
योजना तयार. शुक्रवारी, तेरा तारखेला, बहगतच्या मुलीचं लग्नाचं सामान ट्रकांवरून वाजतगाजत नवऱ्याच्या घरी जाणार. फ्रिज, गाद्या, भांडी, झुंबर, सगळं गल्लीला दिसेल असं रचून. बहगतची ऐपत मला ठाऊक आहे. निम्मी खोकी रिकामी असणार. करतात लोक असं. भर गल्लीत एक खोकं उचलायचं, उघडायचं, फोटो. नावही ठरलं: ‘पोकळ ओझं’. बक्षीसही आणि बहगतचं नाकही.

निअमतला सांगितलं. ती म्हणाली, हानीचे बाबा, मुलीचं लग्न आहे हो, कशाला? बायकांना कला कळत नाही.

६ नोव्हेंबर, शुक्रवार
सराव. मुलाने, हानीने, कुवेतहून पाठवलेला कॅमेरा गळ्यात घातला आणि निघालो. ट्रायपॉड निअमतकडे दिला. मला डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली आहे. (दातांच्या डॉक्टरांनी, पण डॉक्टर तो डॉक्टरच.) शिवाय कलाकाराचे हात मोकळे हवेत. बाजार वाटेतच होता म्हणून तिने फ्लॉवर, पेरू आणि माझी औषधंही घेतली. ऊन झालं तेव्हा माझा कोटही.

ओझं काही सापडेना. सायकलवर डोक्यावर भाकऱ्यांची फळी घेतलेला माणूस दिसला, पण मी झाकण काढेपर्यंत गेला. सुतारआळीत खुर्च्यांचा डोंगर लादलेली गाडी सापडली. फोकस जुळवत होतो तर मागून निअमत म्हणते, अहो, जरा ही एक पिशवी धरता का, बोटं कापली. मी म्हटलं, अगं, समोर केवढं ओझं आहे बघ, आणि तुला पिशवी सुचतेय!

गाडी गेली. तिच्यामुळे.

९ नोव्हेंबर
फोटो नीट पाहिले. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात निअमत! कुठे खांदा, कुठे फ्लॉवर, कुठे ट्रायपॉडचे पाय. रागावलो. म्हटलं, बाजूला उभं राहता येत नाही? ती म्हणाली, हे सगळं ठेवू कुठे? तुम्ही सांगा, तिथे ठेवते.

तासभर बसून तिला सगळ्या फोटोंतून कापून काढली. आता चित्रं स्वच्छ झाली.

जिन्यात बहगत भेटला. म्हणाला, शुक्रीभाई, शुक्रवारी हात लावायला ये हं, घरचंच कार्य आहे. मी म्हटलं, येतो की, हात तर लावणारच आहे! आणि मनात इतका हसलो की ठसका लागला. त्याने पाणी आणून दिलं. गोडबोल्या!

१३ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी
आज. निअमतला बजावलंय, ट्रायपॉड, मोठी बॅग, छत्री आणि माझा पाण्याचा थर्मास घेऊन माझ्या मागे दोन पावलं. बहगता, तुझा घडा भरला.

त्याच दिवशी, संध्याकाळी, आडवा पडून लिहितोय
काय झालं ते नीट नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करायला नको.

दोन ट्रक उभे होते. ढोल चालू, बायकांचं आनंदाचं उलूलू चालू, अख्खी गल्ली सज्जांत. मी सगळ्यांत मोठं खोकं हेरलं. वर सोनेरी कपांचं चित्र. म्हटलं, हेच रिकामं. रिकामं खोकं उचलायला जोर कशाला? एका झटक्यात उचललं.

रिकामं नव्हतं.

कमरेत कट्‌कन वाजलं. खोकं पडलं, सहा माणसांचा डिनर सेट गेला. ढोल थांबला, उलूलू थांबलं. मला वाटलं आता बहगत शिव्या देणार, आणि मी वाट बघत होतो, कारण शिव्या देतानाचा फोटोही चालला असता. पण तो पुढे आला, मला मिठी मारली आणि मोठ्याने म्हणाला, फुटलं ते बरं झालं, पोरीची इडापिडा गेली! की पुन्हा उलूलू सुरू. मेल्याने तेवढंही समाधान लाभू दिलं नाही.

वर फोटो एकही नाही. झाकण लेन्सवरच होतं.

निअमतने खांदा दिला, तिच्या आधाराने घरी आलो. वाटेत बहगत तिच्याशी काहीतरी बोलला. कमरेच्या कळेत ऐकू आलं नाही.

१५ नोव्हेंबर
खुर्च्यांच्या गाडीचा फोटो दिला स्पर्धेत. गाडीचं एक चाक आलंय, बाकी सूचक आहे. पहिला नंबर नक्की. निअमतला सूट इस्त्री करायला सांगितला.

आणखी एक हुकुमी पत्ता. गेल्या वर्षी माझ्याच तक्रारीवरून नियम झालाय: फोटोतल्या माणसाची सही हवी. बहगतने कोणाला चोरून टिपलं असेल, तर तिथेच आडवा करतो.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार
पहिलं बक्षीस बहगतला.

फोटोचं नाव ‘रोजचंच’. एक बाई. डाव्या खांद्यावर ट्रायपॉड, पाठीवर बॅग, काखेत छत्री, मनगटाला थर्मास. आणि उजव्या खांद्यावर एक मोठा पुरुष पूर्ण लोंबकळतोय, तोंड तिच्या मानेत खुपसलेलं. त्याचे हात मोकळे. बाई सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय आणि किंचित हसतेय.

कोट ओळखीचा वाटला.

परीक्षक बाई म्हणाल्या, या फोटोपुढे बोलायला शब्द नाहीत. मग तरी बरंच बोलल्या. माझ्या फोटोपाशी थांबून म्हणाल्या, ही कडेला अर्धी कापलेली पिशवी कोणाची? फोटो तिचाच काढायचा होता.

मी भर सभेत उठलो. म्हटलं, सही दाखवा! दाखवली. निअमतची, ठसठशीत. मी म्हटलं, फोटोत माणसं दोन आहेत, दुसऱ्याची सही कुठाय? बाईंनी चष्मा लावून परत पाहिलं. म्हणाल्या, अगबाई, माफ करा, तो आम्ही सामानात धरला.

रसवाला तिथेही आला होता.

घरी येऊन निअमतला विचारलं, सही का केलीस? मला वाटलं रडेल. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, त्या दिवशी बहगतने विचारलं, जड होतंय का गं, निअमत? इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मग तो म्हणाला, फोटो काढू? मी म्हटलं, चांगला काढ.

दोघांचाही वचपा काढणार. कसा ते ठरवतो.

२८ नोव्हेंबर
निअमत बहिणीकडे रास-अल-बरला गेली. किती दिवस, ते सांगितलं नाही. हातात फक्त एक छोटी पर्स. जिना उतरताना तिच्या पावलांचा आवाजच आला नाही. सवय नसल्यामुळे मी वाकून पाहिलं.

बरंच झालं. आता शांतपणे सूड आखता येईल.

३० नोव्हेंबर, सोमवार
गॅस संपला. खाली गाडीवाला सिलिंडरवर पाना आपटत होता. म्हणाला, वर नेऊन द्यायचे पैसे वेगळे. मी म्हटलं, माझी बायको नेते, आम्हाला काय शिकवतोस! तो म्हणाला, मग बोलवा बायकोला. तेव्हा मीच उचलला.

पहिल्या मजल्यावर एकदा टेकलो. दुसऱ्यावर तीनदा. दुसऱ्यावर आवाज झाला म्हणून बहगतने दार उघडलं. हातात कॅमेरा नव्हता, मी नीट पाहिलं. माझ्याकडे बघितलं, सिलिंडरकडे बघितलं, आणि अगदी हळू विचारलं, जड होतंय का, शुक्रीभाई?

मी म्हटलं, छे, अजिबात नाही.

त्याने दार लावून घेतलं. हे पायरीवर बसून लिहितोय. अजून दोन मजले आहेत आणि सिलिंडर जागचा हलत नाही.