सेव्हरिनचं खरं वजन

सेव्हरिन,

तुझ्या स्की घेऊन मी त्यांची पकड नीट बसवून घ्यायला स्कीच्या दुकानात चाललेय, तळघरात शोधत बसू नकोस. सकाळी लॉजच्या आफ्राबाईंचा फोन आला होता. आपली बाल्कनीची खोली दुपारपर्यंतच राखून ठेवते म्हणाल्या. तुला न विचारता मी हो म्हणून टाकलं. हवं तर रागव, पण आधी पुढचं वाच.

गेल्या फेब्रुवारीत उतारावर चार वेळा आपटलास, तेव्हापासून "माझं वय झालं, यंदा मी येत नाही" हे तुझं तुणतुणं चालू आहे. आज दुकानदाराला फोन करून तुझी जुनी नोंद काढायला लावली. बूट स्कीला किती घट्ट जखडायचा ते वजनावरून ठरतं, आणि तू दरवर्षी ब्याऐंशी किलो सांगत आलास! लग्नातलं वजन! मग पकड सैलच राहणार, आणि वळणावर जोर दिला की स्की निसटणारच. तिथे सगळ्यांसमोर मी हसले, ते मात्र माझं चुकलं.

यंदा मी चौऱ्याण्णव लिहायला सांगितलंय. तू म्हातारा नाही झालास रे, जाडा झालायस.

फ्रिजमधल्या केकला हात लावू नकोस. आकडा आता बदलता येणार नाही.

रोस्विता