बाहेर पडल्याचा दिवस

आबा, मी अजून हजेरीच्याच कामात आहे. निघोज्याच्या कंपनीत तुमच्या वेळेसारखं टाइम ऑफिस आता वेगळं राहिलेलं नाही. एचआरच्या खोलीतलं एक टेबल आहे आणि त्या टेबलावर मी. पंचिंगची कार्डं गेली. माणूस गेटवर मशीनपुढं उभा राहतो, मशीन चेहरा ओळखतं आणि वेळ नोंदली जाते. तरी महिनाअखेरीला तिसऱ्या पाळीचा घोळ होतोच आणि तो निस्तरायला मलाच बोलावतात. मोशीहून गाडीवर जाते-येते. तुम्ही दिलेली लाल-निळी पेन्सिल खणात आहे, झिजून बोटाच्या दोन पेरांएवढी राहिली आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला लिहावं असं कधी वाटलं नाही. या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला समजणार नाही.

पेन्सिल दिलीत त्या वेळी मी सातवीत होते. पिंपरीच्या खोलीतलं स्वयंपाकघर. आईनं ताटं उचलली की तुम्ही फरशी स्वतः पुसून घ्यायचात आणि मस्टरचे कागद पसरायचात. तुम्ही कार्डावरची वेळ वाचता, मी खूण करते, हजर निळी, गैरहजर लाल. एका कार्डावर रात्री अकराला आत आणि सकाळी सातला बाहेर अशी वेळ आली. तारखा दोन, म्हणून मी दोन निळ्या खुणा केल्या. तुम्ही पट्टी बोटांवर मारलीत. लागली नाही, पण लक्षात राहिली. "तिसऱ्या पाळीचा गडी सकाळी भायेर पडला तरी त्यो कालचा हाय, आजचा न्हाई. एका रात्रीच्या दोन हजेऱ्या लावल्यास तर मालकाला कंपनी विकाया काढावी लागंल." आई गॅसपाशी तोंडाला पदर लावून हसली. तुम्ही मात्र हसला नाहीत. आत आल्याचा दिवस धरायचा, बाहेर पडल्याचा सोडायचा, हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलंत आणि मग पेन्सिल माझ्याकडेच राहू दिलीत.

दादानं इंग्लंडचा पासपोर्ट घेतला आणि सुट्टीत आल्यावर तुमच्या हातात दिला, ते तुम्हाला आठवत असेल. आपला भारताचा देऊन टाकला याचं तुम्हाला वाईट वाटलं होतं. तरी चष्मा लावून एकेक पान उलटलंत. "ह्यो कुठं कुठं चालतो?" दादा म्हणाला, "सगळ्या युरोपात, आबा. गेटवर नुसता दाखवायचा. कितीही दिवस राहा, शिक्कासुद्धा मारत नाहीत." तुम्ही पासपोर्ट मिटलात. "शिक्का न्हाई? मग आत किती आन् भायेर किती, त्यांना कळतं कसं?" दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

आता शिक्का मारतात, आबा. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी इंग्लंडच्या लोकांनी मत देऊन युरोपच्या संघातून बाहेर पडायचं ठरवलं. त्याला ब्रेक्झिट म्हणतात. इथं निघोज्यात त्याची झळ एवढीच की आमच्या कंपनीत बनणारे ब्रॅकेट पूर्वी हॉलंडच्या एका गोदामात जायचे आणि तिथून थोडे इंग्लंडला. आता इंग्लंडच्या पेट्या इथूनच वेगळ्या, कागद वेगळे. डिस्पॅचचा माणूस म्हणतो, "मॅडम, भांडण त्यांचं आन् स्टिकरं आमी लावायची." दादाच्या तिकडच्या कारखान्यात मात्र युरोपातून येणारे सुटे भाग बंदरावर कागदांसाठी अडकायला लागले. आधी दुसरी पाळी बंद झाली, मग त्याला वेळेआधी निवृत्ती घ्यायला लावली. सगळं त्यामुळंच झालं असं तो म्हणत नाही. त्याआधी झालं नव्हतं, एवढंच म्हणतो.

त्याची मुलगी स्पेनमध्ये नोकरीला गेली ती तिथंच राहिली. तिचा नवरा तिथलाच आहे. ब्रेक्झिटची मुदत संपायच्या आत तिनं नाव नोंदवलं होतं, म्हणून तिला तिथं राहायचं कार्ड मिळालं. तिच्या एका इंग्लिश मैत्रिणीनं आज करू, उद्या करू म्हणत नोंदणी टाळली, तिला घर मोडून परत जावं लागलं. दादा तर तिथं पाहुणाच. इंग्लंडच्या पासपोर्टचा माणूस आता तिकडं एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवसच राहू शकतो. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. पोरीला दिवस गेले तेव्हा दादाचा फोन आला. "पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना गं? आता माहेर म्हणजे मीच. तिला प्रवास झेपणार नाही, मग माहेरानंच जायला पाहिजे." तिची तब्येत पहिल्यापासून नाजूक, त्यामुळं तो सारखा जात-येत राहिला. सात खेपा झाल्या. परतीचं विमान दर वेळी पहाटेचं, कारण ते स्वस्त. आठव्या खेपेला, बाळंतपणासाठी निघायच्या आधी, त्यानं सगळ्या तारखा मला पाठवल्या. "तूच मोज. टाइम ऑफिसवाल्याची पोरगी आहेस."

मी पेन्सिल काढली आणि जेवणाच्या सुट्टीत मोजलं. पंचाहत्तर झाले होते, पंधरा शिल्लक. डॉक्टरांनी दिलेली तारीख तो पोचल्यापासून दहाव्या दिवशी येत होती. मी कळवलं, निवांत जा, पुरतात.

स्पेनच्या विमानतळावरून त्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या गेटवर होते. "अगं, यांचं मशीन आठच दिवस म्हणतंय. तू पंधरा म्हणाली होतीस." मी टेबलापाशी येऊन कागद पुन्हा काढला आणि बघता क्षणी कळलं. सात खेपा, सात पहाटा. प्रत्येक खेपेचा बाहेर पडल्याचा दिवस मी सोडला होता. ते लोक तोही धरतात. नियमात साफ लिहिलेलं आहे, मी वाचलंच नव्हतं. मोजायला काय वाचायचं, असं मला वाटलं. दादा फोनवर म्हणत होता, "त्यांच्याच मशीनचं काहीतरी चुकलं असणार. तू चुकायची नाहीस." मी म्हणाले, "असेल."

आठव्या दिवशी तो परत निघाला. जास्त राहिलो तर पुढच्या वेळी आतच घेणार नाहीत, ही धास्ती होती. पोरगी दारापर्यंत आली आणि म्हणाली, "बाबा, स्वेटर विसरलात." दोन दिवसांनी मुलगी झाली. पोर जवळजवळ वीस तास अडली होती. नवरा होता, पण माहेरचं कुणी नव्हतं. दादानं नात फोनवर पाहिली आणि मला म्हणाला, "नाक आबांचं आहे." नाक तुमचं नाही, पण मी हो म्हटलं.

आबा, दिवस मोजायला मी दुसऱ्यांदा चुकले. तुम्ही चिंचवडच्या दवाखान्यात होता तेव्हा दादानं इंग्लंडहून फोनवर विचारलं होतं, उद्याचं तिकीट काढू का शनिवारचं? उद्याचं फार महाग होतं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही सकाळी चमचाभर पेज घेतली होती. मी म्हणाले, शनिवारचं काढ, अजून दिवस आहेत. तुम्ही शुक्रवारी दुपारी गेलात. दादानं त्यावर मला आजवर एका शब्दानं विचारलेलं नाही. या वेळी विचारलं असतं तर कदाचित दोन्हीचं सांगून टाकलं असतं.

आता नातीच्या उष्टावणाला त्याला जायचं आहे. गेल्या महिन्यात पुन्हा तारखा आल्या. "मोज गं, आणि या वेळी त्यांच्या मशीनलाच खोटं पाड." मी आधी नियम वाचला, मग मोजलं. आत आल्याचे दिवस निळे, बाहेर पडल्याचे लाल, आणि दोन्ही धरले. तीनदा मोजून तीनदा तोच आकडा आला. आकडा कळवला आणि म्हटलं, त्यातले दोन दिवस हातचे राख. तो म्हणाला, "भित्री झालीस." मग पोरीला तांदळाची खीर जमेल का, यावर बोलत राहिलो.

हे पत्र मी दादाला लिहायला घेतलं होतं. तीन रविवार झाले. कागदावर 'दादा' लिहिलं की पुढं काही सुचेना, म्हणून ते खोडून वर 'आबा' लिहिलं.