चार अक्षरांत सांडोरला

वसई

चि. तेजस यास दिनूमामाचे आशीर्वाद. तुझ्या आईचा गुडघा आता कसा आहे? इकडे मामी ठीक. माझ्याशी बोलत नाही, एवढेच.

गणपतीत आलास आणि माझ्या लॅपटॉपवर ती आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून दिलीस. "मामा, एकेक फोल्डर कशाला उघडत बसता? झेड लिहा, पुढे नावाची चार अक्षरं. तुमचं जाणं-येणं जिथे जास्त, तिथे ते थेट उडी मारेल." मी भाळलो.

मागच्या आठवड्यात शेजारच्या सांडोर गावात आमचे जुने स्नेही फर्डिनंड आणि हिल्डाबाई यांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव झाला. त्यांचे जुने फोटो मी खपून स्कॅन करून 'सांडोर' नावाच्या फोल्डरात ठेवले होते. हॉल भरलेला, पहिल्या रांगेत फादर, शेजारी तुझी मामी. मी ऐटीत एस-ए-एन-डी लिहिले आणि फोटो मोठ्या पडद्यावर सोडले. आता, सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने आमच्या तुंबलेल्या टाकीचे फोटो मी 'संडास' नावाच्या फोल्डरात ठेवले आहेत, आणि ठेकेदाराशी भांडताना तिथे सारखा जात असतो. इंग्रजीत दोन्ही नावांची पहिली चार अक्षरे एकच! माझे जाणे-येणे कुठे जास्त, ते अख्ख्या सांडोरला कळले. फोटो आपोआप सरकत राहिले (थांबवायचे कसे, ते तू शिकवले नव्हतेस), आणि हॉलमधल्या एरॉलच्या बँडने नेमके तेव्हाच हळवे व्हायोलिन धरले. शेवटी हिल्डाबाईच म्हणाल्या, "दिनूभाऊ, आमचा संसार एवढा पण वाईट नाय झाला." हॉल हसला. मी नाही.

त्यानंतर मी पूर्ण नाव लिहून सांडोरच्या फोल्डरात पुन्हापुन्हा जाई, ते फोटो बघत कुढत बसे. आज संताप अनावर झाला. संडासाचे फोटो कायमचे पुसायचे म्हणून तीच चार अक्षरे लिहिली आणि न बघता सगळे पुसण्याची आज्ञा दिली. तुझ्या लक्षात आलेच असेल. आता माझे जाणे-येणे सांडोरलाच जास्त झाले होते. खिडकीने साधे "नक्की ना?" विचारले नाही. संडास शाबूत आहे.

कुठे तोंड दाखवू, ते न कळणारा,
तुझा दिनूमामा

ता. क. रविवारी हिल्डाबाईंनी तेच फोटो पुन्हा दाखवायला बोलावले आहे. मूळ अल्बम त्यांचा मुलगा ॲल्रॉय कॅनडाला घेऊन गेला. पुसलेले परत आणण्याचे काही असेल तर शनिवारीच ये. मामीला मी सांगितलेय की तू केळी न्यायला येतोयस.

आणखी एक. आलास की सोसायटीच्या कॉम्प्युटरवरही ते झेड बसवून दे. आमच्या खजिनदार विनयाताई अजून एकेक फोल्डर उघडत बसतात. बघवत नाही रे.