पोटदुखीवाल्याची पोरगी

बा, तू गेल्याला बरीच वर्षं झाली. परवा दवाखान्यात नव्यानं आलेल्या डॉक्टर मुलीनं विचारलं, "मॅडम, मुंबईत प्रवेश मिळालेला असताना तुम्ही कोल्हापूर का घेतलंत?" मला हसू आवरेना. खरं कारण सांगितलं असतं तर तिचा माझ्यावरचा विश्वासच उडाला असता. म्हणून तुला लिहितेय.

डॉक्टरकीला मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, तेव्हा मोखाड्याकडचा आपला अख्खा पाडा ओट्यावर जमला होता. मला मुंबई हवी होती. काका ठाण्याला बांधकामावर जायचा, म्हणून शहरांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. तो हिंदीतच म्हणाला, "मुंबई बढ़िया है." आत्या म्हणाली, "तठं समुद्र आहे, पोरीला पोहता कुठं येतं?" तू गुमान नाचणीची भाकरी खात होतास. हात धुतलेस आणि म्हणालास, "दोन्ही बघून येतो."

आम्हाला वाटलं, तू इमारती बघशील, वसतिगृह बघशील. तू तर पेशंटच्या रांगेत उभा राहिलास! दोन्ही कॉलेजांच्या दवाखान्यांत केसपेपर काढलास आणि पोट धरून बसलास. मुंबईच्या डॉक्टरपुढे गर्दी एवढी, की त्यानं मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या. कोल्हापूरच्या डॉक्टर बाईंनी मात्र तुला झोपवलं, पोट सगळीकडून दाबून पाहिलं. तू कधी डावीकडे कण्हायचास, कधी उजवीकडे. बाई थांबल्या. "बाबा, हे दुखणं काय जत्रेत फिरतंय? खरं सांगा, कशाला आलात?" तू सगळं सांगून टाकलंस. आजारी माणसाची जागा अडवली म्हणून त्यांनी तुला सगळ्यांदेखत झापलं. मग चहा पाजला आणि विचारलं, "तुमच्या पाड्यावरचा पेशंट दवाखान्यात येतो कसा?" तू म्हणालास, "झोळीतून. जगला तर." बाईंनी तुझा कप पुन्हा भरला म्हणे.

घरी येऊन तू निकाल दिलास, "जठं लबाडी धरतात, तठं शिक." मी तुझ्याशी बोलणं टाकलं. आई उखडली, "पोटाचं सोंग करून पोरीचं आयुष्य ठरवता?"

"मग काय इमारत बघून ठरवू? आपली माणसं इमारतीला दाखवायची का?"

 मी रडत कोल्हापूरला गेले. त्याच बाई शिकवायला आल्या, मी कुठली ते त्यांना कळलं, आणि त्या भर वर्गात म्हणाल्या, "मोखाड्याची? म्हणजे पोटदुखीवाल्याची पोरगी!" शिकून बाहेर पडेपर्यंत माझं तेच नाव राहिलं. पदवीच्या दिवशी तू नवं धोतर नेसून आलास, तर बाईंनी लांबूनच विचारलं, "बाबा, आज कुठल्या बाजूला?" तू इतका हसलास की तुला बाकावर बसवावं लागलं. पुढे फार दिवस राहिला नाहीस, पण ते हसणं झालं, हे बरं झालं.

आता मी जव्हारला असते. घरात आपली बोली बोलणारं कुणी उरलं नाही, माझी पोरं शाळेतलं मराठी बोलतात. एक गोष्ट मात्र तुलाच सांगते. साखरशेतचा एक म्हातारा येतो, तुझ्यासारखेच शब्द ओढत बोलतो. तपासून झालं तरी मी त्याला सोडत नाही. भात कसा आला, नाचणी कशी आहे, जावई नीट वागतो का, विचारत राहते. बाहेर रांग खोळंबते. त्याला वाटतं, बाई फार बारकाईनं तपासतात.