मुंगीला दिलेला विषय

४ जानेवारी
पीएच.डी.चा विषय पक्का: ‘माणूस आणि शहर’. गाइड मॅडम म्हणाल्या, शहर केवढं, माणसं किती, जरा आवर. ३१ मार्चपर्यंत नोंदवला नाही तर सीट जाईल म्हणे. माझी?

११ जानेवारी
बाबांना गुडघ्यासाठी दवाखान्यात नेलं. बाकावर शेजारच्या अनोळखी बाईंना त्यांनी सगळं दुखणं सांगितलं. घरी विचारलं की नुसतं ‘बरंय’. कॅन्टीनमध्ये ही गंमत मुंगीला सांगितली. मुंगी माझ्याच बॅचची. बारीकसारीक गोळा करत फिरते, म्हणून मीच ठेवलेलं नाव. यावर काम करू का, म्हणाली. म्हटलं, घेऊन टाक, तुझ्याच मापाचं आहे. नंतर कुरकुरू नकोस, म्हणाली. मी पोट धरून हसलो.

२ फेब्रुवारी
मुंगीचा विषय किती नेमका, असं मॅडम माझ्यासमोर म्हणाल्या. मला काही वाटलं नाही. चहा घशाखाली उतरला नाही, पण तो थंड होता.

३ फेब्रुवारी
वाटलं. नुसता जळफळाट. बाबा माझे, गुडघा बाबांचा, कौतुक तिचं! संकल्प: तिच्याहून नेमका विषय काढणार. ‘शहरातले जिने’.

२० फेब्रुवारी
‘जिन्यांचे कठडे’.

३ मार्च, दुपार
‘कठड्याला हात न लावता उतरणारी माणसं’. याहून नेमकं काय असणार? लायब्ररीच्या जिन्यात उभा आहे. सगळे मेले हात लावतात.

त्याच दिवशी, संध्याकाळ
एक सापडलं. दोन्ही हातांत कागदांचे गठ्ठे घेऊन उतरत होतं. मुंगी.

१२ मार्च
मॅडम म्हणाल्या, यात अभ्यास करण्यासारखं काहीच उरलं नाही. मुंगी म्हणाली, मिळून बसू या का? हिची दया कोणाला हवीय!

३१ मार्च
मुंगीचं सेमिनार. चुका काढायला पहिल्या रांगेत बसलो. पडद्यावर तिने दवाखान्याच्या बाकावर टिपलेलं एका गुडघेदुखीच्या पेशंटचं बोलणं आलं: मुलगा हुशार आहे हो, पण विषयच ठरत नाही त्याचा. जेवताना नुसता ताटाकडे बघत बसतो. मी विषयाचं विचारत नाही, त्याला लागतं.
नाव नव्हतं. मुंगीलाही ठाऊक नसावं, कोणाचे बाबा ते. लोक हसले. मीही हसलो, जरा उशिरा. चूक एकही सापडली नाही. बाहेर आलो तेव्हा नोंदणीची खिडकी बंद झालेली.
घरी बाबांनी विचारलं, कसं चाललंय? म्हटलं, बरंय. मी गुडघ्याचं विचारलं.
बरंय, म्हणाले.