ह्यांच्या डोक्याचं काय करायचं

३ एप्रिल १९७६, शनिवार

जत्रेच्या सायकल शर्यतीत ह्यांनी नाव दिलं! मला न विचारता. गेल्या साली ह्याच शर्यतीत उतारावर डोक्यावर आपटले आणि शुद्धीवर आल्यावर आठवडाभर मला ‘आय’ म्हणत होते. मी बायको आहे हे पटवता पटवता जीव मेटाकुटीला आला. सगळे हसले. मीही हसले. मग मोरीत जाऊन रडले.

पुन्हा पडले आणि ओळख कायमची गेली तर? म्हणून अट घातली — डोक्यावर काहीतरी भक्कम हवं. नाहीतर दोन्ही चाकांची हवा मी सोडणार. रोज.

४ एप्रिल

मामंजी पलटणीतून निवृत्त. ट्रंकेतून लोखंडी टोप काढला. ‘गोळी अडिवतोय ह्यो! सायकलीचं काय घिऊन बसलीस?’ ह्यांनी घातला. नाकापर्यंत आला. अंगणात दोन फेऱ्या बऱ्या गेल्या, तिसरीला थेट उकिरड्यात!

आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, ‘फेटा बांध की रं! तुझ्या आज्ज्यानं काय डोस्क्यावर घमेलं घिऊन शर्यत मारली व्हय?’

७ एप्रिल

माझा भाऊ जोतीरामदादा जत्रेला आला. मद्रासला सोनं गाळतो — आमच्या विट्याचे निम्मे पुरुष तेच करतात. स्वतःचं मोटारसायकलचं हेल्मेट ह्यांच्यासाठी घेऊन आला. लालभडक, आत जाड मऊ अस्तर. हे म्हणाले, त्यात काही ऐकू येत न्हाई. घरात तसंही काय ऐकू येतं म्हणा!

८ एप्रिल

परीक्षाच घेतली. एकेका टोपात नारळ बांधून माळवदावरून खाली फरशीवर सोडला. लोखंडी टोपाला काही झालं नाही, नारळाची मात्र दोन भकलं! आत नुसता खुळखुळत होता ना. फेट्यातल्याला चीर गेली. लाल हेल्मेटातला शाबूत. म्हणजे वरून टणक असून भागत नाही, आत मऊ हवं आणि डोकं गच्च बसायला हवं.

‘द्येवीच्या आदी माळवदाला नारळ व्हय गं?’ आत्याबाई कडाडल्या. मग चटणी दोनदा वाढून घेतली.

१० एप्रिल

तह झाला. रोजच्या दुधाच्या फेरीला रस्ता सपाट, कॅन जड, वेग बैलाचा, आणि मागून ट्रकचा हॉर्न ऐकू यायला हवा. तिथं मी घोंगडीच्या जाड वळ्या शिवून केलेली टोपी, तिच्यावर फेटा. शर्यतीच्या उताराला मात्र लाल.

‘लोक भोपळा म्हनत्याल गं मला.’

म्हणू देत. फुटका नारळ म्हणण्यापेक्षा बरं.

१३ एप्रिल

आत्याबाईंनी ह्यांचं नाव घेऊन दृष्ट काढली. मी नाव घेत नाही. इथं वहीतसुद्धा लिहीत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणे. थोतांड! पण घेत नाही.

१४ एप्रिल, जत्रा

पडले. त्याच उतारावर, त्याच वळणावर! पालथे. हालचाल नाही. लाल हेल्मेटवर वीतभर ओरखडा. मी ‘आवं! आवं!’ करतेय, तर गर्दीतले निम्मे बाप्ये वळून बघतायत, हे सोडून. कान झाकलेले ना! मग काय झालं कुणास ठाऊक, बेंबीच्या देठापासून ओरडले — ‘आकाराम!’

हलगी थांबली. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

हेल्मेटमधून क्षीण आवाज आला, ‘शालू... उखाण्याबिगर नाव घेतलंस व्हय गं?’

१५ एप्रिल

आकाराम. आकाराम. आकाराम.

काय बिघडलं? समोर बसून भाकरी खातोय.