जोत्यातली ओल

१४ फेब्रुवारी
आईच्या खोलीतली चटई उचलली तर खाली पुन्हा ओल. लादीवर हात फिरवला, तळवा ओला. पावसाळा संपून इतके महिने झाले, झरी गावातल्या विहिरी खाली गेल्या, आणि आमची जमीन घाम गाळते आहे. सगळ्या पाड्यात उंच जोतं आमचं. पाणी शिरू नये म्हणून मुद्दाम उंच घेतलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

आई म्हणते, "नवं घर हाय, सुकेल हळूहळू." दोन पावसाळे गेले. अजून नवंच.

खाटेवर झोप म्हटलं तर ऐकत नाही. पाठीला जमीन लागल्याशिवाय डोळा लागत नाही म्हणे. म्हणजे दम्याची बाई आणि नाक ओल्या लादीपासून वीतभर वर. मी दिवसभर डहाणूला दवाखान्यात दुसऱ्यांच्या आयांना वाफ देते, घरी येते तर माझी आई शिट्टी वाजवत श्वास घेते. राग येतो. कोणाचा, ते अजून ठरत नाही.

२० फेब्रुवारी
बाबाला विचारलं, ओल कुठून येत असेल? तंबाखू मळत म्हणाला, "जमीन हलते ना आपल्याकडं, त्यानं."

झालं. आमच्याकडे काहीही बिघडलं की भूकंपाचा धक्का. दूध नासलं, धक्का. पोरगा नापास, धक्का. गेल्या आठवड्यात खरंच हलली, भांडी वाजली, सगळे अंगणात. पण घराला भेग कुठेही नाही. मी टॉर्च घेऊन चारही भिंती बघितल्या. ओल खालून येते आणि भिंतीत चढते. वर पांढरा लोणा. खरवडला की मिठासारखा झडतो.

एरवी बाबा खाटेची सुतळी तुटली तर दुसऱ्याला हात लावू देत नाही, स्वतः बांधतो. आणि ही ओल बघायला खोलीतसुद्धा आला नाही.

२ मार्च
तलासरीहून वॉटरप्रूफिंगवाला आला. (यापुढे के.वा., केमिकलवाला.) खिशात मोजायची टेप, बाहेर काढलीच नाही. भिंतीवर दोनदा टकटक केलं आणि रोग ओळखला.

"ताई, आतून दोन हात मारतो. मग पाणी येऊन दाखवू दे."
"पण येतंय कुठून?"
"कुठून पण येऊ दे ना. आपण इथे अडवायचं."

रोग रेड्याला, औषध पखालीला. मला कळत होतं. तरी हो म्हटलं, कारण आईला काल दम्याचा पंप दोनदा घ्यावा लागला.

बाबा खूश. के.वा.ला स्वतः चहा नेऊन दिला. वर म्हणाला, "लादी नाय ना फोडणार?"

२५ मार्च
भिंतीला फोड आले. हाताएवढे. एकाला पिन लावली, पाणी वाहिलं. ओल खाली अडली म्हणून वर सरकली, लोणा आता स्विचबोर्डापर्यंत. के.वा.ला फोन. म्हणाला, "ताई, तुमच्याकडे भूकंप किती होतात." फोन ठेवला, नाहीतर तोंडातून काय निघालं असतं.

वापीहून भावाचा फोन: "मी तेव्हाच म्हटलं होतं, फ्लॅट घे." सल्ला दर रविवारी, स्वतः दिवाळीला.

६ एप्रिल
ठरवलं. लादी फोडून बघायची. किसनदादाला बोलावलं. घर त्यानेच बांधलं, गवंडी तोच. दारात उभा राहून डोकं खाजवू लागला.

"आत्ता कशाला? उन्हाळा हाय. आपोआप सुकेल."
बाबा: "माझ्या घराची लादी फोडायची नाय."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी नर्स आहे, नातेवाईक काहीतरी लपवत असले की कसे बघतात ते मला माहीत आहे. ताकास तूर लागू देत नाहीत दोघं. रविवारी फोडणार. कोणी नाही आलं तर मी फोडीन.

१३ एप्रिल
किसनदादा आला नाही. मीच फोडली.

आईला शेजारी पाठवलं. खोलीच्या कोपऱ्यात पहार घातली. पहिली लादी, खाली सिमेंट, सिमेंटखाली मुरूम असायला हवा होता. लाल, खडेदार, पाणी खाली सोडून देणारा. मुरूम मीच ठरवला होता. डंपरवाल्याला फोन माझा.

मुरूम नाही. काळी माती. चिकण, थंड, लोण्यासारखी. मुठीत दाबली तर एप्रिल महिन्यात बोटांमधून पाणी आलं. भाताची जुनी खुंटं होती तिच्यात, आणि बारीक गोगलगायींचे शंख. या मातीत लहानपणापासून माझे पाय रुतले आहेत. ओळखायला वेळ लागला नाही. आमचं खालचं भातखाचर. मोठ्या रस्त्यात गेलं ते.

बाबा दारात. किती वेळ उभा होता कोण जाणे.
"कळली?" म्हणाला.

१४ एप्रिल
काल पुढचं लिहिलं नाही. रागाने. आज सगळं विचारून काढलं.

जोतं भरताना पहिली पाटी घरच्या शेताच्या मातीची टाकायची, ही आमच्याकडची रीत. हळदकुंकू, नारळ, एक पाटी माती. एक. रस्त्यासाठी शेताची मोजणी झाली, झेंडे लागले, तेव्हा बाबाच्या डोक्यात आलं की एकच का. रस्त्याच्या मशिनी यायच्या आधी ट्रॅक्टर लावला, खाचराचा वरचा थर खरवडून आणला आणि अख्खं जोतं भरलं. मी ड्युटीवर. मुरुमाचा डंपर आला तो शाळेच्या मैदानाला देऊन टाकला. सगळ्या पाड्याने बघितलं. किसनदादाने त्यावर सिमेंट ओतलं आणि मला सांगितलं, "मुरूम मस्त बसलाय."

मी म्हटलं, "बाबा, जी माती भातासाठी पाणी धरून ठेवते, ती घराखाली घातलीस?"
म्हणाला, "चांगली माती हाय. पाणी सोडत नाय."
म्हटलं, "तेच तर."
म्हणाला, "माझी जमीन आता तेवढीच हाय, कल्पे. तुझ्या घराखाली."

याचा मला जास्तच राग आला. रस्त्यासाठी शेत घेऊन गेले तेव्हा एक शब्द बोलला नाही हा माणूस. अंगठा दिला, आला, जेवला. मला वाटलं, मनाला लावून घेतलं नाही त्याने.

१६ एप्रिल
फोडलेल्या खड्ड्यावर बाबाने खाट टाकली आहे. स्वतःची. दिवसभर तिथे पडून. मी माती काढेन म्हणून राखण.

आई पुढच्या खोलीत हलवली. तिथेही ओल, फक्त कमी. तिन्ही खोल्यांखाली तीच माती आहे. सगळी काढायची तर घर आतून पोकळ करायचं, आणि ते पावसाआधी. एकच खोली आईची कोरडी केली तरी खूप. तेवढं तरी.

बाबाशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

१९ एप्रिल
मला वाटलं होतं, आई मला धीर देईल. तिच्या बाजूनेच तर भांडते आहे. म्हटलं, "तू सांग त्याला. तुझ्या छातीत जातेय ती माती."

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "पहिली पाटी मीच टाकली. दुसरीपण."
"तुला माहीत होतं?"
"ट्रॅक्टर होता तरी कोपऱ्यात पाटीनंच टाकावी लागती. मीच ठोकली पायानं."

म्हणजे जिला बाधते तीच सामील. मग मी कोणासाठी भांडते आहे? भाकरी न खाता ड्युटीला गेले. बसमध्ये रडू आलं, तेही रागाचं. अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांची रांग, बस बराच वेळ अडकली, आणि मी खिडकीतून त्या ट्रकांकडेच डोळे वटारून बघत बसले. बिचारे ड्रायव्हर.

४ मे
किसनदादा रस्त्यात भेटला. तोंड चुकवत होता, मी आडवी गेले. म्हणाला, "बाबा रडला ओ माझ्यासमोर. मी काय करणार?"
म्हटलं, "मला फोन करायचा होता."
म्हणाला, "तू काय केलं असतंस?"
तीच माती बाहेर काढली असती. त्याच दिवशी. मी असं म्हटलं. खरंच केलं असतं का? लिहीत नाही इथे.

२१ मे
पाऊस. मे महिन्यातच, आंबे झाडावर असताना. दोन दिवस धो धो. सगळ्या लाद्या काळपट झाल्या.

आईला सकाळी श्वासच घेता येईना. ओठ निळे. रिक्षा, डहाणू, माझाच दवाखाना. ऑक्सिजन मीच लावला. सिस्टर म्हणाल्या, तू बाजूला हो, मी करते. नाही झाले. बाबा बाकावर बसला होता, चपला दोन पायांत दोन वेगळ्या. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलले असते, आणि बोलले असते ते परत घेता आलं नसतं.

२४ मे
आई बरी. घरी सोडतील. डॉक्टर म्हणाले, कोरडी जागा हवी. हे मला सांगतात.

२५ मे
घरी आले तर आईच्या खोलीतून खाट बाहेर. बाबा खड्ड्यात उतरलेला, गुडघाभर, कुदळ चालू. उरलेल्या लाद्या सगळ्या काढून भिंतीशी रचल्या, एकही फुटली नाही. मी पदर खोचून उतरायला गेले तर म्हणाला, "तू नको. मी टाकली, मी काढीन."

पाटी भरायची, डोक्यावर घ्यायची, बाहेर. वयाला झेपणारं नाही हे काम. मी पाणी नेऊन देत होते. अजूनही राग होता. पण त्या पाठीकडे बघून कुठे ठेवायचा ते कळेना.

२ जून
आईच्या खोलीत आता मुरूम. यावेळी डंपर माझ्या डोळ्यांसमोर रिकामा केला. किसनदादाने पाणी मारून ठोकून बसवला, वर जाड प्लास्टिक, वर सिमेंट. लाज वाटली असेल, दुपारचं जेवणही घेतलं नाही. बाकी दोन खोल्या तशाच. पावसाळ्यानंतर बघू म्हणाला बाबा. म्हणजे नाही.

काढलेली माती अंगणात ढीग. म्हटलं ओढ्यात टाक. "बघतो," म्हणाला.

१९ जून
आई तिच्या खोलीत झोपते. जमिनीवरच. पंप आठवड्यातून एकदा. लादी कोरडी, मी रोज चटई उचलून बघते. शिट्टी नाही. पहिल्यांदा सलग झोपले.

माती ओढ्यात गेली नाही. बाबाने ती दक्षिणेच्या भिंतीलगत पसरली आहे. विचारलं तर म्हणे, "भाजी लावीन." बरं. भाजी तर भाजी. छपराच्या पन्हळीचं पाणी तिकडे उतरतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. भांडायचं बळ नव्हतं.

६ जुलै
भाजी नाही. भात.

ड्युटीवरून आले तर दक्षिणेच्या भिंतीला लागून एक खाचर. खरं खाचर, चारी बाजूंनी बांध, भिंतीकडचा बांध म्हणजे आमचं जोतंच. पन्हळ वळवून आत सोडली आहे. घोटाभर पाणी उभं. भाताला उभं पाणी लागतं ना. आईच्या खोलीच्या बाहेर, त्याच भिंतीला. आगीतून फुफाट्यात म्हणतात, आम्ही ओलीतून चिखलात.

ओरडले. गळ्याच्या शिरा ताणून, पाड्याला ऐकू जाईल असं. बाबा, तुला कळतं का, भिंतीतून आत येणार हे, आतली काढली आणि बाहेर तेच करून ठेवलंस. त्याने मान वर केली नाही. रोपांची जुडी सोडत होता. कोणाकडून मागून आणली होती, एवढीशी जुडी, चार ओळी होतील न होतील.

मी कुदळ उचलली. बांध तोडते म्हटलं.

आई पाण्यात होती. साडी वर खोचून, वाकून, रोपं लावत. पाय घोट्यापर्यंत त्या मातीत. श्वास ऐकला मी आधी, सवयीने. साफ होता. इतक्या वर्षांत भाताच्या आवणीच्या दिवसात इतका साफ ऐकला नव्हता.

वर न बघता म्हणाली, "तोडायचा तर तोड. पण लावून होऊ दे. अर्धवट नको ठेवू."

कुदळ भिंतीला टेकवून ठेवली. टेकवताना हात लागला भिंतीला. गार होती. ओली की नुसती गार, ते कळलं नाही.